तेल परत येतंय का

तेलाचा पंप ही माझ्या मुठीत मावेल एवढी वस्तू आहे. तिने आमचं जेवणाचं टेबल अकरा दिवस अडवून ठेवलं, माझी तीन दिवसांची रजा खाल्ली आणि इमारतीत माझ्याविषयी जे काही बरं मत होतं ते बऱ्यापैकी खाली आणलं. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे माझा शब्द शेवटचा असतो; मी नापास केलेलं पाणी आजवर कुणी माझ्यासमोर पिऊन दाखवलेलं नाही. ही पार्श्वभूमी एवढ्याचसाठी सांगितली, की पुढे जे झालं ते अडाण्याच्या हातून झालं असा कुणाचा समज होऊ नये. ते शिकलेल्या माणसाच्याच हातून होऊ शकतं.

सुरुवात नोटिशीने झाली. दोन महिन्यांपूर्वी माझे वडील आमच्याकडे राहायला आले ते एक सुटकेस आणि एक मोटारसायकल घेऊन. मोटारसायकल माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे आणि ती टेम्पोतून आली. बाबा वीजमीटर तपासायला आयुष्यभर तिच्यावरून हिंडले. गेली नऊ वर्षं ती सुरू झालेली नव्हती. इमारतीच्या वाहनतळावर ती जुनी चादर पांघरून उभी राहिली आणि वर बाबांची सुटकेस पलंगाशेजारी उभी राहिली. बाबा रोज सकाळी सुटकेस उघडत, एक सदरा काढत आणि पुन्हा बंद करत. मी कपाटाचा एक खण रिकामा करून ठेवला होता. तो रिकामाच होता.

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी सरकारी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले आहेत. सौम्य बोलतात, फाईल घेतल्याशिवाय जिनासुद्धा उतरत नाहीत. त्यांनी नोटीस दिली, की वाहनतळ चालू वाहनांसाठी आहे; सदर वाहन पंधरा दिवसांत समितीसमोर चालू स्थितीत दाखवावं, नाहीतर हलवावं. बाबांनी नोटीस दोनदा वाचली, चष्मा घडी करून डबीत ठेवला आणि मीटरवरचा आकडा वाचावा तशा आवाजात म्हणाले, "बरं आहे. गाडी जाईल तिकडे मी जाईन."

तिकडे म्हणजे जुन्या घरी, तीन खोल्या आणि दुखरा गुडघा घेऊन, एकट्याने. ते नाटकी बोलणारे नाहीत, त्यामुळे हे वाक्य मला फार वाईट वाटलं. जाऊ नका असं मी म्हणाले नाही. आमच्या घरात असं म्हणायची पद्धत नाही. आम्ही जास्तीत जास्त खिडकी लावून घेतो आणि वारं आहे म्हणतो.

जुन्या गाड्यांचा जाणकार असा एकच मिस्त्री मला सापडला. त्याने येऊन गाडीचं पोट चाचपलं, किक दाबून पाहिली, बोटाला लागलेलं तेल हुंगलं आणि सांगितलं, की बाकी सगळं ठीक आहे, तेलाचा पंप झिजलाय. इंजिन सुरू होईल, पण आत तेल फिरणार नाही, आणि तसंच चालवलं तर दहा मिनिटांत आतलं सगळं एकमेकांना धरून बसेल. नवा पंप बसवून द्यायला तो तयार होता. पाच आठवड्यांनी. मी सेक्रेटरींकडे मुदत मागितली. ते म्हणाले, नियमात पंधरा दिवस आहेत, त्यांच्या हातात असतं तर सोळा दिले असते.

तेव्हा मी ते वाक्य बोलले. "पंपच आहे ना. मी बसवते."

माझ्यामागे माझा नवरा हळूच खोकला. लग्नाला बावीस वर्षं झाली. या खोकल्याचा अर्थ मला कळतो, पण तोवर वाक्य बाहेर पडलेलं होतं.

पंपाचं काम समजायला अवघड नाही. या गाडीला तेलाची टाकी वेगळी असते. पंपात दातेरी चाकांच्या दोन जोड्या. बारीक जोडी टाकीतलं तेल इंजिनात पाठवते, जाड जोडी इंजिनाच्या तळाशी साचलेलं तेल उचलून पुन्हा टाकीत आणते. सगळं नीट असेल तर इंजिन चालू असताना टाकीचं झाकण उघडलं की आत एका छोट्या नळीतून तेलाची धार पडताना दिसते. पुरावा एवढाच. तेल परत येतंय का, ते बघायचं. मी हे वहीत आकृती काढून लिहिलं आणि फारच सोपं काम अंगावर घेतल्याची थोडी लाजही वाटली.

लाज लवकरच गेली. सुट्या भागांच्या दुकानदाराने फोनवर इंजिनाचा नंबर विचारला. नंबर झिजलेला होता. पाचवा आकडा तीन की आठ ते कळेना. मी त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली, ठसा घरी आणून भिंगाखाली पाहिला आणि आठ असल्याचं जाहीर केलं. तो तीन होता. आलेला पंप आमच्या पंपाचं आरशातलं प्रतिबिंब निघाला, सगळी भोकं पलीकडच्या अंगाला. परत पाठवताना दुकानदार अगदी अदबीने म्हणाला, की ताई, आठवाल्या गाड्या आता राहिल्यात कुणाकडे, मला तेव्हाच शंका आली होती. शंका आलेली माणसं गप्प का बसतात हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. त्याचं महत्त्व मला तेव्हा पुरेसं कळलं नव्हतं.

दरम्यान जुना पंप काढायला मी पाने घेऊन खाली गेले, तर सेक्रेटरी फाईल घेऊन उभे. कलम नऊ, वाहनतळावर दुरुस्तीस मनाई. मी विचारलं, मग वाहन चालू कसं करायचं? त्यांनी खरंच विचार केला. ते न्यायी गृहस्थ आहेत, अडचण तीच आहे. पाच मिनिटांनी त्यांनी निर्णय दिला: स्क्रू सैल करणं ही तपासणी, स्क्रू आवळणं ही दुरुस्ती. तपासणी आत चालेल, दुरुस्ती फाटकाबाहेर करावी. आणि आत-बाहेरचा घोळ नको म्हणून खडूने एक रेघ ओढून दिली. अशा रीतीने जुना पंप कायदेशीररीत्या आत निघाला आणि नव्याची सोय फाटकाबाहेरच्या पदपथावर ठरली.

माझं टेबल मात्र पाहण्यासारखं होतं. प्रत्येक स्क्रू वेगळ्या बाटलीत, बाटलीवर क्रमांक, क्रमांकाची नोंद वहीत. घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती, पण एक वॉशर हरवला नव्हता. उलट एक जास्त निघाला. तालीम म्हणून मी सगळं टेबलावर जुळवून पाहिलं आणि शेवटी एक चपटा, निर्दोष, अनोळखी वॉशर उरला. मी सगळं सुटं केलं, पुन्हा जुळवलं, पुन्हा तो उरला. तिसऱ्या वेळी नवऱ्याने अपराधी चेहऱ्याने सांगितलं, की तो त्याला खुर्चीखाली सापडला होता, माझाच असेल म्हणून त्याने बाटलीत टाकला. तो खुर्चीचाच होता. हे आम्हाला खुर्चीनेच संध्याकाळी दाखवून दिलं, तेव्हा तिच्यावर नवराच बसला होता, म्हणून मी विषय वाढवला नाही.

सल्ले येतच होते. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बसवायचा कागदी तुकडा फाटका आला होता. मी तो साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून मोजून कापला, तर त्यावरच चार जणांची चार मतं निघाली. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी आपला लांब दांड्याचा छोटा आरसा दिला, इंजिनाच्या मागच्या बाजूला डोकवायला. तो खरोखर उपयोगी पडला, पण त्यासोबत त्यांनी माझी अक्कलदाढही पाहून घेतली. समोरच्या काकूंनी चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवली आहे आणि जगातली सगळी यंत्रं त्यांच्या लेखी त्या मशीनची लांबची नातेवाईक आहेत. त्या रोज येऊन टेबलाशी उभ्या राहत. उघडलेल्या मशीनकडे पाठ करून बसू नकोस, म्हणाल्या. फडका सुती घे, म्हणाल्या. आणि चालवण्याआधी त्याला दोन थेंब तेल पाज, कोरडं चालवलंस तर चावतं ते.

मी हसून सांगितलं, की काकू, मोटारसायकलच्या टाकीत त्याचसाठी दोन लिटर तेल असतं. काकू म्हणाल्या, असेल बाई. शेजाऱ्यांचे सल्ले मी वहीच्या शेवटच्या पानावर 'उपयोग नाही' या मथळ्याखाली उतरवत होते. हा चौदावा.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आठव्या दिवशी बरोबर पंप आला. तो जाड, तपकिरी, चिकट ग्रीसमध्ये बुडवलेला होता. ज्याच्यावर लेबल नाही असा तपकिरी पदार्थ माझ्या व्यवसायात घाणच समजतात. आमच्याकडे भांडं स्वच्छ आहे की नाही याची एक परीक्षा असते: आत पाणी फिरवलं तर ते सलग पसरायला हवं, कुठे थेंब धरला तर तेलाचा अंश उरला म्हणून भांडं परत. मी पंप सुटा केला, तीनदा रॉकेलने धुतला, दोनदा स्पिरिटने, मग केस वाळवायच्या यंत्राने वाळवला. दातेरी चाकं नवऱ्याच्या पांढऱ्या रुमालाने पुसली. रुमाल पांढरा राहिला. मी तो सगळ्यांना दाखवला. पंप इतका स्वच्छ झाला होता, की त्यात डोळ्यांचं औषध मिसळता आलं असतं.

बाबा या सगळ्या काळात खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असत. मी काही विचारलं तर उत्तर देत, पण मी विचारत होते ते चहा घेणार का, एवढंच. बाकीचं माझ्याकडे पुस्तकात होतं. एकदाच ते टेबलाशी आले. पंप उचलला, नाकाशी नेऊन वास घेतला, आणि होता तसाच, होता तिथेच ठेवला. मला वाटलं, त्यांना स्वच्छता आवडली.

चौदाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, आम्ही गाडी ढकलत खडूच्या रेघेपलीकडे नेली. पंप पुस्तकाबरहुकूम बसला. टाकीत दोन लिटर ताजं तेल. बघायला अर्धी इमारत, सेक्रेटरी रेघेच्या अलीकडे, फाईलसह. नवऱ्याने किक मारायला घेतली. अकराव्या किकेला गाडी जागी झाली आणि एखादा जाडा माणूस सावकाश जिना उतरावा तशी धप धप करू लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारला.

नळी कोरडी होती.

मी घड्याळ लावून एक मिनिट थांबले. काही नाही. इंजिन बंद करायला लावलं. पाच मिनिटांनी पुन्हा एक मिनिट. काही नाही. संभाव्य कारणं मी मोठ्याने मोजली, सात होती. उपस्थितांनी त्यात नऊची भर घातली. पुठ्ठा उलटा बसलाय इथपासून रंगच चुकलाय इथपर्यंत. मी आरशाने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं, क्रमांकानुसार होतं आणि निरुपयोगी होतं. सेक्रेटरींनी हलक्या आवाजात आठवण करून दिली, की उद्या सकाळी दहा. मी पदपथाच्या कडेवर बसले. वर पलंगाशेजारी उभी असलेली सुटकेस मला तिथूनही दिसत होती.

तेवढ्यात बाबा जिना उतरून आले. गुडघ्यामुळे एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत. गर्दी बाजूला झाली. ते माझ्याशेजारी कडेवर बसले, इंजिनाला हात लावला आणि विचारलं, "तेल पाजलंस का त्याला?"

"दोन लिटर आहे टाकीत."

"टाकीत नाही. पंपाला."

मी त्यांना सांगितलं, की पंपात तेलाचा अंशसुद्धा उरलेला नाही, मी स्वतः पाच वेळा धुतलाय. हे सांगता सांगताच माझ्या लक्षात यायला लागलं. चाकांच्या फटी तेलानेच बुजतात. त्या बुजल्या नाहीत, तर चाकं नुसती हवेत फिरतात, टाकीतलं तेल ओढायला आत काही पकडच नसते. हे मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शिकले होते. त्यावर मला चांगले गुण होते.

बाबा म्हणाले, "अगं, घास गिळायला तोंडात थोडी थुंकी लागते. तू ती पण पुसून घेतलीस."

गर्दीच्या मागून काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं. त्यांचं ते न बोलणं मला आजवर पुरतं आहे.

बाबांनी मला घरातून ड्रॉपर आणायला पाठवलं. पंपाच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू काढायला लावला, आणि मी थेंब थेंब तेल आत सोडू लागले. पेट्रोल बंद करून ते हाताने किक सावकाश दाबत होते. थांब, म्हणत. सोड, म्हणत. तेल आत जाऊन बुडबुडा वर येई, पुन्हा तेल. शेवटी बुडबुडे थांबले आणि भोक तेलाने भरून आलं. सेक्रेटरी वाकून बघत होते. वाकताना त्यांचा एक पाय रेघेपलीकडे आला होता, तो त्यांनी पाहिला आणि तसाच राहू दिला.

चौथ्या किकेला गाडी सुरू झाली. मी टॉर्च मारणार, तर बाबा टाकीवर तळवा ठेवून म्हणाले, "आलं." मग मी पाहिलं. नळी दोनदा खाकरली आणि तिच्यातून पेन्सिलीएवढी, अगदी शांत धार टाकीत पडू लागली. मी ती बराच वेळ बघत बसले. मोजलं काहीच नाही.

वर जाताना जिन्यात मी विचारलं, की तुम्ही त्या दिवशी वास घेतलात तेव्हा कळलं होतं ना? मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, "मला वाटलं, तुझ्या वहीत असेल ते."

रविवारी सकाळी दहाला समिती जमली. सेक्रेटरींनी नियम वाचून दाखवला: वाहनाने स्वतःच्या शक्तीवर इमारतीला एक पूर्ण फेरी मारावी, आणि चालकाकडे त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवाना असावा. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाबांचा परवाना चार वर्षांपूर्वी संपलेला. नवऱ्याकडे फक्त मोटारीचा. माझ्याकडे गिअर नसलेल्या स्कूटरचा. दातांच्या डॉक्टरांना सायकलसुद्धा येत नव्हती. समितीतल्या एकेकाने खिसे चाचपून नकार दिला. मग सेक्रेटरींनी घसा साफ केला. त्यांच्याकडे परवाना होता. तिसाव्या वर्षी काढलेला. कागद आहे तर मुदत संपू देऊ नये, एवढ्या एका तत्त्वावर दर वेळी नूतनीकरण केलेला. गाडी मात्र त्यांनी तेव्हापासून चालवली नव्हती.

बाबांनी त्यांना दहा मिनिटं शिकवणी दिली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, घाई कशालाच नाही. सेक्रेटरींनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच फाईल दुसऱ्याच्या हातात दिली. काकूंच्या. मग ते निघाले.

पहिली फेरी त्यांनी मिरवणुकीच्या गतीने पूर्ण केली. समिती सही करायला पुढे सरकली, पण ते थांबले नाहीत. दुसऱ्या फेरीला त्यांची पाठ ताठ होती. तिसऱ्या फेरीला त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चौथ्या फेरीला फाटकाशी येऊन त्यांनी क्षणभर खडूच्या रेघेकडे पाहिलं, आणि डावीकडे वळून रस्त्याला लागले. आवाज लांब लांब गेला आणि मग ऐकू येईनासा झाला.

दहा मिनिटं झाली. मिस्त्रीने सांगितलेली दहा मिनिटं माझ्या डोक्यात होती. आत कुठे धार तुटली असेल तर आत्तापर्यंत सगळं एकमेकांना धरून बसलं असेल, आणि सेक्रेटरी कुठल्यातरी वळणावर. वीस मिनिटं झाली. मी बाबांना म्हणाले, मी स्कूटर काढून बघून येते. बाबा म्हणाले, बस. पंचविसाव्या मिनिटाला जाड्या माणसाचा जिना उतरण्याचा आवाज ऐकू आला. सेक्रेटरींचे उरलेले केस उभे होते आणि चष्म्यावर एक किडा चिकटला होता. गाडी बंद करण्याआधी बाबांनी टाकीचं झाकण उघडलं आणि मला हाताने खुणावलं. मी पाहिलं. धार पडत होती.

सेक्रेटरींनी काकूंकडून फाईल घेतली, 'वाहन चालू आहे' असं लिहिलं आणि सही केली. मग थोडं थांबून त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, की वाहन जुनं असल्याने दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फेरतपासणी आवश्यक राहील, ती सेक्रेटरी यांनी स्वतः करावी. कुणी हरकत घेतली नाही. बाबांनी विचारलं, किती वाजता.

दुपारी मी टेबल रिकामं केलं, बाटल्या धुतल्या आणि वहीच्या शेवटच्या पानावर चौदाव्या सल्ल्यापुढे दुरुस्तीची नोंद केली. बाबांच्या खोलीत गेले तर पलंगावर सदऱ्यांचा, पायजम्यांचा आणि दोन स्वेटरांचा ढीग पडला होता आणि सुटकेस जमिनीवर उघडी होती. बाबा तिच्यात पाने, जुना पंप, उरलेला पुठ्ठा आणि तेलाचा डबा नीट लावून ठेवत होते. वर न बघताच म्हणाले, की गाडीचं सामान ठेवायला काहीतरी लागणारच, खाली गाडीशेजारी ठेवीन ही, सेक्रेटरींना विचारलंय.

मी कपडे उचलले आणि एकेक घडी करून रिकाम्या खणात लावले. खण बरोबर भरला. खिडकी लावून घेतली, आणि म्हणाले, वारं आहे.